पातीचा वास आणि शेजारधर्म

कांदा-लसणाची चर्चा आपल्याकडे ठरावीक ठिकाणी होते. भाव वाढला की स्वयंपाकघरात होते. कोणी कच्चा कांदा खाऊन पहिल्या सफेत उभा राहिला की मशिदीत होते. आणि शहरात भाड्याचे घर शोधताना, नाव ऐकल्यावर समोरचा माणूस "आमच्याकडे कांदा-लसूणसुद्धा चालत नाही हो" असे म्हणतो, तेव्हा बिल्डिंगच्या जिन्यात होते. या तिन्ही ठिकाणांचा विचार करून मला एक साधी गोष्ट सुचवायची आहे. आपल्या प्रत्येक घरात पातीची निदान एक कुंडी असावी. बागकामाचा छंद म्हणून मी हे सांगत नाही. त्या कुंडीत आपला स्वयंपाक, आपला दीन आणि आपला शेजार या तिन्हींचा थोडाथोडा धडा आहे.

आधी पात म्हणजे कोणती, ते सांगतो. स्वयंपाकाच्या व्हिडिओंमुळे हल्ली 'चाइव्ह्ज' हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. ऑम्लेटवर, सूपवर, बटाट्यावर बारीक चिरून टाकलेली हिरवी पात म्हणजे चाइव्ह्ज. मोठ्या शहरातल्या दुकानात तिची इवलीशी जुडी प्लास्टिकच्या डबीत मिळते आणि तेवढ्या पैशांत कांद्याच्या पातीच्या कितीतरी जुड्या येतात. ही काही परग्रहावरची वस्तू नाही. ती कांदा-लसणाच्याच कुळातली, सुईसारख्या पोकळ पानांची, गड्डा जवळजवळ न धरणारी वनस्पती आहे. काश्मीरच्या उंच भागात ती रानटीही उगवते. तिची बहीण म्हणजे लसणाच्या स्वादाची चपट्या पानांची पात. ती चीन-जपानमध्ये घरोघरी असते आणि आपल्या मणिपूरमध्येही तिच्यावाचून स्वयंपाक होत नाही. तिथे अशा पातींना 'मारोय' म्हणतात. उत्तराखंडात याच कुळातली 'फरण' वाळवून फोडणीला घालतात, नेपाळात 'जिम्बू' घालतात. महाराष्ट्रात आपण कांद्याची पात आणि लसणाची कोवळी पात खातो. घरात लावायला यांतली कोणतीही चालेल. नाव परदेशी असले म्हणून बिचकू नये, आणि देशी आहे म्हणून तिला कमीही लेखू नये.

आता दीनची बाजू. लसूण-कांद्याबद्दलची हदीस आपल्यापैकी बहुतेकांना अर्धीच माहीत असते. कच्चा लसूण किंवा कांदा खाणाऱ्याने मशिदीपासून दूर राहावे, एवढाच भाग लक्षात राहतो. सहीह मुस्लिममधल्या हजरत जाबिर (र.) यांच्या रिवायतीत लसूण आणि कांद्याबरोबर तिसऱ्या वनस्पतीचेही नाव आहे, 'कुर्रास'. ही आजच्या लीकची आणि चाइव्ह्जची नातेवाईक. कारणही तिथेच दिलेले आहे. ज्या गोष्टीचा माणसांना त्रास होतो, तिचा फरिश्त्यांनाही त्रास होतो.

उरलेला अर्धा भाग फार महत्त्वाचा आहे. हजरत अबू सईद खुदरी (र.) सांगतात की, खैबरच्या विजयानंतर, म्हणजे हिजरी सन 7 मध्ये, भुकेलेल्या सहाबांनी तिथल्या लसणावर ताव मारला आणि तसेच ते मशिदीत गेले. प्रेषित मुहम्मद (स.) यांना वास आला, त्यांनी समज दिली. लगेच लोकांमध्ये बोलणे सुरू झाले की लसूण हराम झाला, हराम झाला. हे कानावर गेल्यावर प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की, अल्लाहने जे हलाल केले ते हराम करण्याचा अधिकार मला नाही, मला फक्त त्या झाडाचा वास आवडत नाही. मदिनेत आल्यावर ते ज्यांच्या घरी उतरले होते त्या हजरत अबू अय्यूब अन्सारी (र.) यांच्याकडचा लसूण घातलेला पदार्थ त्यांनी खाल्ला नाही, तेव्हाही हाच प्रश्न आला आणि हेच उत्तर मिळाले.

जरा थांबून विचार करा. ज्यांच्या एका शब्दावर अख्खा समाज चालत होता, त्यांनी आपली नावड आणि अल्लाहचा हुकूम यांच्यात इतकी स्वच्छ रेघ ओढली. आणि आपण? आपल्याला न आवडणाऱ्या कितीतरी गोष्टींवर आपण बिनदिक्कत हरामचा शिक्का मारतो. कपड्यांवर मारतो, मराठी बोलण्यावर मारतो, शेजाऱ्याच्या सणाचा लाडू खाण्यावर मारतो. लसणाच्या हदीसमधून मला सर्वांत आधी ही रेघ दिसते.

दुसरी गोष्ट हजरत उमर (र.) यांच्या एका खुतब्यातली. ज्याला ही दोन झाडे खायचीच असतील त्याने ती शिजवून त्यांचा जोर मारावा, असा त्यांचा सल्ला होता. आज रसायनशास्त्र त्याचे कारण सांगते. लसणाची पाकळी अख्खी असते तेव्हा तिला फारसा वास नसतो. ती चिरली किंवा ठेचली की आतला एक पदार्थ आणि एक विकर एकत्र येतात आणि तो उग्र वास तयार होतो. उष्णतेने ते विकर निकामी होते, म्हणून शिजवलेल्या लसणाला तो तिखटपणा राहत नाही. कच्चा लसूण खाल्ल्यावर त्यातला एक गंधकयुक्त वायू रक्तात मिसळून फुप्फुसांतून बाहेर पडत राहतो. त्यामुळे मिस्वाक करा नाहीतर ब्रश करा, वास तासन् तास जात नाही. दूध, दही, पुदिना, कच्चे सफरचंद यांनी तो बराच कमी होतो. आपल्या आज्या लसणाच्या चटणीबरोबर ताक का देत असत, ते यावरून कळावे.

पात या कुळातली सौम्य सभासद आहे. तिचा स्वाद कांदा-लसणाचाच, पण जोर कमी. गरम पदार्थावर अगदी शेवटी टाकली तर स्वाद राहतो आणि उग्रपणा उतरतो. मगरिबला इफ्तार करून तासा-दीड तासात तरावीहला उभे राहायचे असते, तेव्हा कच्च्या कांद्याच्या कोशिंबिरीपेक्षा दह्यात कालवलेली बारीक पात शेजारच्या नमाजीवर दया करणारी आहे. अर्थात कच्ची पातही भरपूर खाल्ली तर हदीसमधली सूचना तिलाही लागू होतेच.

आता तिसरी बाजू, शेजाराची. महाराष्ट्रात कांदा-लसूण हा केवळ भाजीचा विषय राहिलेला नाही. अनेक हिंदू घरांत चातुर्मासात तो वर्ज्य असतो. म्हणूनच आषाढी एकादशीच्या आधी कांदेनवमीला भजी, थालीपीठ, झुणका असा कांद्याचा निरोपसमारंभ होतो. जैन कुटुंबे तर जमिनीखालचे काहीच खात नाहीत. या सगळ्याचा मी मनापासून आदर करतो. आपणही महिनाभर रोजे धरतो. स्वतःच्या जिभेवर लगाम घालणारा माणूस कोणत्याही धर्माचा असो, तो आपल्याला परका वाटू नये.

पण स्वतःच्या ताटाचा नियम दुसऱ्याच्या घराच्या दारावर लावला की प्रश्न सुरू होतो. "आमची सोसायटी शाकाहारी आहे" हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. बऱ्याचदा त्याचा खरा रोख ताटाकडे नसतो, नावाकडे असतो. शाकाहारी मुस्लिमालाही तेच उत्तर मिळते आणि मासे खाणाऱ्या दुसऱ्या कुणाला मिळत नाही, हे आपण पाहतो. इथे लसणाची हदीस मला पुन्हा आठवते. तिथे वासाची जबाबदारी खाणाऱ्यावर टाकली आहे, ती फक्त सामायिक जागेपुरती आहे, आणि पदार्थावर बंदी घालायला स्पष्ट नकार दिला आहे. सामायिक जिना, लिफ्ट, मशीद, वर्ग, रेल्वेचा डबा या ठिकाणी दुसऱ्याच्या नाकाची काळजी घेणे हे आपले कर्तव्य. माझ्या घरात माझे ताट हा माझा अधिकार. एवढे दोन नियम दोन्ही बाजूंनी पाळले तर कोणत्याही सोसायटीचे भांडण निम्मे होईल.

हे लिहिताना आपल्याकडेही बोट दाखवायला हवे. शाकाहारी पाहुणा आला की "घासफूस खाणारे" म्हणून हसणारे आपल्यातही आहेत. दावतीत पालेभाजीला मान नसतो. वरणात, भाजीत, कोशिंबिरीत जो स्वाद आहे तो दुय्यम मानायची सवय आपण मुलांना लावतो. पवित्र कुरआनच्या सूरह बकराच्या 61 व्या आयतीत बनी इस्राईलने भाजी, काकडी, मसूर, कांदा मागितल्याचा उल्लेख आहे. त्यातल्या 'फूम' या शब्दाचा अर्थ काही भाष्यकार लसूण करतात, काही गहू. काहीजण या आयतीचा आधार घेऊन भाजीपाला हलका ठरवतात. तिथला ठपका मात्र नाशुक्रीवर आहे. मिळालेल्या देणगीला कंटाळून दुसरे मागण्यावर आहे. रोज मटण मिळूनही कुरकुरणाऱ्याला ती आयत अधिक लागू होते.

आता प्रत्यक्ष लावायचे कसे? "आमच्या खोलीत उभे राहायला जागा नाही, कुंडी कुठे ठेवू?" हा पहिला आक्षेप येईल. तो खराही आहे. मालेगाव, भिवंडी, मुंब्रा किंवा शहरातले कोणतेही जुने मोहल्ले घ्या, तिथली घरे कशी आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणूनच मी आंबा किंवा गुलाब लावायला सांगत नाही. पातीला सहा इंच खोल डबा पुरतो. तुपाचा रिकामा डबा, फुटकी बादली, रंगाचा धुतलेला डबा, काहीही चालेल. बुडाला चार-पाच भोके मात्र हवीत, कारण या कुळाला साचलेले पाणी सोसत नाही, मुळे कुजतात. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी वाळू किंवा कोकोपीट. चार-पाच तास ऊन येणारी खिडकीची जाळी किंवा गच्चीचा कोपरा मिळाला की झाले.

सर्वांत सोपी सुरुवात लसणाची. गड्ड्याच्या पाकळ्या न सोलता सुट्या करा, टोक वर ठेवून एक इंच खोल खोचा. थंडीत आठवड्याभरात हिरवे कोंब दिसतात आणि तीन-चार आठवड्यांत पहिली पात कापता येते. दोन-तीन कापण्यांनंतर पाकळी थकते, मग नवी लावायची. कांद्याच्या पातीची जुडी आणली तर मुळांकडचा दोन बोटे भाग फेकू नका, तो मातीत खोचा, पुन्हा फुटतो. कोंब आलेला कांदाही टोपलीत सडवण्यापेक्षा कुंडीत घालावा.

चाइव्ह्जला मात्र सबुरी लागते. बी काळे, बारीक, कलौंजीसारखे दिसणारे. (बाजारात कलौंजीलाच कांद्याचे बी म्हणतात, पण ते दोन निराळ्या कुळांचे आहेत.) बी ताजे घ्यावे, या कुळाचे बी वर्षभरात उगवण्याची ताकद गमावू लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरले की दोन-तीन आठवड्यांत केसासारखी रोपे येतात, कापण्याजोगी व्हायला दोन-अडीच महिने जातात. कापताना बुडाशी दोन इंच ठेवून कापावे. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात ती खुशीत वाढते. कोकणात किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात तिला सावली द्यावी लागते, तरी ती मलूल होते. अशा ठिकाणी लसणाच्या स्वादाची चपटी पात बरी, ती उन्हाला अधिक टिकते. चाइव्ह्जला जांभळी फुले येतात, चपट्या पातीला पांढरी, दोन्ही खाता येतात. एकदा जम बसला की वर्षानुवर्षे तोच ठोंब चालतो. दोन-तीन वर्षांनी उपटून त्याचे चार भाग करून पुन्हा लावायचे. मावा किंवा फुलकिडे आले तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवावे, फारच झाले तर निंबोळी तेल.

एक सावधगिरी. आपल्या कितीतरी घरांत मांजर असते. ज्यांच्या नावातच मांजराचे पिल्लू आहे त्या हजरत अबू हुरैरा (र.) यांची आठवण आपण प्रेमाने काढतो. कांदा, लसूण आणि त्यांची पात मांजराला विषारी असते, रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. कुत्र्यालाही ती बाधते. कुंडी मांजर पोहोचणार नाही अशा जागी टांगा, आणि पात घातलेले उरलेले अन्न मांजरापुढे ठेवू नका.

पाणी कुठून आणायचे? दिवसाला पाच वेळा वजू करणाऱ्या समाजाने हा प्रश्न विचारू नये. प्रेषित मुहम्मद (स.) एक 'मुद्द' पाण्यात वजू करत, म्हणजे साधारण पाऊण ते एक लिटर. आपण नळ धो धो सोडून त्याच्या कितीतरी पट पाणी गटारात घालवतो. घरी वजू करताना खाली एक तसराळे ठेवा. त्यात साबण नसतो, ते पाणी झाडाला चालते. एका माणसाच्या एका वजूच्या पाण्यात पातीच्या दोन कुंड्यांची दिवसाची तहान भागते. मशिदींनी तर हे मोठ्या प्रमाणावर करावे. ओमानसारख्या पाणीटंचाईच्या देशात मशिदीतले वजूचे पाणी शुद्ध करून झाडांना देण्याचे प्रयोग झाले आहेत. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत मशिदीच्या मागे वजूखान्याच्या पाण्यावर एक वाफा हिरवा असणे हे कोणत्याही भाषणापेक्षा चांगले दिसेल.

दुसरा आक्षेप बायकांकडून येईल आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. "आधीच कामे थोडी आहेत का? त्यात ही कुंडी!" म्हणून माझी सूचना अशी की, ही कुंडी घरातल्या पुरुषाची किंवा मुलाची जबाबदारी असावी. घरात असताना प्रेषित मुहम्मद (स.) घरच्यांच्या कामात हातभार लावत, असे हजरत आयेशा (र.) यांनी सांगितल्याचे बुखारीत आहे. सुन्नत म्हणून दाढीची लांबी मोजणाऱ्या आपण या सुन्नतीकडे फारसे वळत नाही. पाणी घालणे, पात कापणे, धुणे, चिरणे, एवढे काम दहा वर्षांच्या मुलालाही जमते. आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकायला त्याला एक निमित्त मिळते.

तिसरा आक्षेप पैशांचा. यातून किती वाचणार? खरे सांगायचे तर फार नाही. 2024 च्या सुरुवातीला लसूण किलोला 400 रुपयांच्या वर गेला होता, तेव्हाही एका कुंडीने कुणाचा महिन्याचा खर्च भागला नसता. बचत वेगळ्या जागी आहे. चमचाभर पात हवी असते आणि आपण जुडी आणतो. उरलेली फ्रिजमध्ये चिकट होऊन कचऱ्यात जाते. हा इसराफ आहे, आणि तो आपल्याला दिसतही नाही. कुंडीतून लागेल तेवढेच कापले जाते. शिवाय बोटभर पात यायला महिना लागतो हे ज्या मुलाने पाहिले आहे, त्याला लासलगावच्या बाजारात भाव पडल्यावर कांदा ओतून देणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख थोडे तरी कळेल. 8 डिसेंबर 2023 रोजी कांद्याची निर्यातबंदी झाली तेव्हा शहरात आपण भाव उतरल्याचा आनंद मानला. नाशिकच्या शेतकऱ्याच्या घरात त्या दिवशी काय झाले असेल, हा विचार किती जणांच्या मनात आला?

यंदापासूनची काही वर्षे या कामाला विशेष अनुकूल आहेत. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. तो आता पुरता हिवाळ्यात शिरतो आहे, आणि 2030 साली तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. महाराष्ट्रात पातीचा हंगाम नेमका हाच. रज्जबमध्ये पाकळ्या खोचल्या तर शाबानमध्ये पात तयार, आणि रमजानच्या सहेरीला ऑम्लेटवर घरची हिरवी पात. खिम्यावर, डाळीवर, खिचड्यावर उतरवताना मूठभर टाका. ज्वारीच्या थालीपिठात घाला. हिरवी मिरची, शेंगदाणे आणि लसणाची पात एकत्र भरडून केलेली चटणी भाकरीबरोबर खाऊन पाहा.

आणि जास्त झाली तर वाटा. रस्सा करताना पाणी थोडे वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवण्याची सूचना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अबू जर (र.) यांना केली होती. त्या सूचनेत शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही. ठोंबाचे चार भाग कराल तेव्हा एक आपल्याकडे ठेवा, तीन शेजारी द्या. शेजारी जैन असेल तर त्याला पात देऊ नका, शेजारच्या कुंडीत पुदिना लावा आणि तो द्या. त्याच्या घरात काय चालत नाही हे तुम्ही लक्षात ठेवले आहे, ही गोष्ट त्याच्याही लक्षात राहील. एखाद्या दिवशी सोसायटीच्या बैठकीत आपल्यातल्या कुणाला घर द्यावे की नाही असा प्रश्न निघेल, तेव्हा तो कदाचित काहीच बोलणार नाही. पण बोललाच, तर त्याच्याकडे बोलण्यासारखे काहीतरी असेल.